गळालेल्या कळीची तारीख

अनंताची कळी गळते तेव्हा ती सुकलेली नसते. ती हिरवी असते, टणक असते, मळसूत्रासारखा तिचा पीळ जागच्या जागी असतो, आणि हातात घेतली तर आणखी चार दिवसांत हीच उमलली असती असे वाटावे इतकी ती सगळ्या अंगांनी पुरी असते. फक्त देठाशी, जिथे ती फांदीला धरून होती तिथे, एक स्वच्छ, गोल, कोरडी खूण दिसते. ती खूण तुटल्याची नसते, सुटल्याची असते. 8 वर्षांपूर्वी अनंताचे रोप मी पहिल्यांदा घरी आणले तेव्हा त्यावर 17 कळ्या होत्या. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्यांतली एकही फांदीवर उरली नव्हती आणि एकही उमलली नव्हती.

त्या तीन आठवड्यांत मी काय काय केले हे आज आठवले तरी जीव कळवळतो, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट मायेपोटी केलेली होती. पहिल्या दोन कळ्या गळाल्या तेव्हा पाणी कमी पडत असेल असे वाटून मी दिवसातून दोनदा पाणी घालू लागले. आणखी तीन गळाल्यावर ऊन कमी पडत असेल म्हणून कुंडी उन्हात सरकवली, आणि पुढच्या चार गळाल्यावर ती पुन्हा सावलीत आणली. मग मूठभर खत घातले. मग पानांवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचे तुषार मारले. कळी ज्या दिवशी गळे त्याच दिवशी मी काहीतरी बदलत असे, आणि बदलल्यानंतरही कळ्या गळतच राहिल्या की त्या बदलाचाही उपयोग झाला नाही असे समजून दुसरा बदल करत असे. मी जे जे करत होते तेच पुढच्या गळतीचे कारण होत होते, हे मला त्या वेळी दिसणे शक्य नव्हते, कारण कारण आणि परिणाम यांच्यामध्ये जो काळ जातो तो माझ्या हिशेबातच नव्हता.

तो काळ मला एका वयस्क माळीकाकांनी दाखवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागा सांभाळलेला तो माणूस. त्यांनी रोप पाहिले, मातीत बोट खुपसले, गळालेली एक कळी उचलून तिचा देठ न्याहाळला आणि म्हणाले, "बाई, कळी आज गळली म्हणून आज काय चुकलं ते शोधू नका. मागं जा. आठ दिवस, दहा दिवस मागं जा आणि तेव्हा काय झालं होतं ते आठवा." मला काहीच आठवेना. तेव्हा ते इतकेच म्हणाले, "मग लिहून ठेवत जा." त्याच संध्याकाळी मी एक वही केली. आज त्या वहीचे चार भाग झाले आहेत आणि ती सगळी एका झाडाची आहे.

काकांनी बोटाने दाखवलेली गोष्ट वनस्पतिशास्त्राने फार बारकाईने उलगडलेली आहे. कळी आणि फांदी यांच्या सांध्यावर पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला विलगस्तर म्हणतात. वाढणारी कळी ऑक्सिन नावाचे संप्रेरक सतत देठाकडे पाठवत असते आणि तो प्रवाह चालू असेपर्यंत हा थर घट्ट राहतो. झाडावर ताण आला, म्हणजे मुळे कोरडी पडली, पाण्यात बुडून गुदमरली किंवा हवा एकाएकी बदलली, की कळीकडून येणारा हा प्रवाह मंदावतो, इथिलीन वायूचा प्रभाव वाढतो, आणि त्या थरातील पेशींच्या भिंती विरघळवणारी विकरे तयार होऊ लागतात. हे काम सावकाश चालते. बाहेरून कळी पूर्वीसारखीच दिसत असते, आणि एखाद्या सकाळी झुळूक लागली किंवा बोट लागले की ती हातात येते. त्या सकाळी घडलेले काहीही तिच्या गळण्याला जबाबदार नसते. निर्णय झाडाने कधीच घेतलेला असतो.

माझ्या त्या 17 कळ्यांच्या बाबतीत तो निर्णय बहुधा रोप घरी आणले त्याच दिवशी झाला होता. रोपवाटिकेत ते दाटीवाटीने उभ्या असलेल्या शेकडो रोपांत, दमट आणि गाळीव उजेडाच्या जागी वाढले होते. तिथून ते एकदम कोरड्या वाऱ्यात आले. सगळ्याच झाडांना जागा बदलली की थोडा त्रास होतो, पण अनंताला तो विशेष होतो, आणि कळ्या असताना झालेला बदल तो कळ्या टाकूनच सोसतो. नवे रोप आणणाऱ्याला मी आज एकच सांगते: शक्य तर कळ्यांनी लगडलेले रोप निवडू नये. पानांनी भरलेले, नवे फुटवे असलेले आणि एकही कळी नसलेले रोप निवडावे, त्याला सकाळचे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा एकदाच विचार करून द्यावी, आणि मग ती बदलू नये. पानांवर तुषार मारण्याने हवेतील दमटपणा काही मिनिटांपुरताच वाढतो. त्यापेक्षा कुंडीच्या आजूबाजूला इतर झाडे ठेवली तर त्यांच्या पानांतून निघणाऱ्या बाष्पाचा आधार अधिक टिकाऊ असतो. उमललेल्या फुलावर मात्र पाण्याचा थेंबही नको, त्याचे डाग पडतात.

या झाडाविषयी वाचू लागले तेव्हा त्याच्या नावांनी मला बराच काळ गुंतवून ठेवले. त्याचे शास्त्रीय नाव गार्डेनिया जास्मिनॉयडिस. पहिला शब्द बागेसाठी असलेल्या इंग्रजी शब्दावरून आला असेल असे मी गृहीत धरले होते, आणि पुष्कळ जण तसेच धरतात. पण तो एका माणसाच्या आडनावावरून आला आहे. अलेक्झांडर गार्डन हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील चार्ल्सटन येथे वैद्यकी करणारे निसर्गअभ्यासक. त्यांच्या सन्मानार्थ जॉन एलिस यांनी 1761 मध्ये हे नाव प्रसिद्ध केले. दुसऱ्या शब्दाचा अर्थ जाईसारखे दिसणारे. युरोपात हे झाड पोहोचले तेव्हा सुगंधामुळे ते जाईच्याच कुळातले मानले गेले, आणि ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून आले अशा समजुतीने त्याला केप जास्मिन म्हणू लागले. प्रत्यक्षात ते पूर्व आशियातले, चीन आणि जपानकडचे, आणि जाईशी त्याचे काही नाते नाही. त्याचे कूळ रुबिएसी, म्हणजे ज्या कुळात कॉफी, सिंकोना, एक्झोरा आणि कदंब येतात ते. नाते ओळखायचे असेल तर फूल न पाहता पेर पाहावे. पाने समोरासमोर जोडीने येतात आणि त्या दोन देठांच्या मध्ये एक लहानसे उपपर्ण असते. कॉफीच्या फांदीवरही नेमके हेच दिसते. एकेरी पाकळ्यांच्या अनंताला नारिंगी, कंगोरे असलेली फळे येतात आणि त्यांत क्रोसिन हे पिवळे रंगद्रव्य असते, जे केशरालाही त्याचा रंग देते. बागेत आपण लावतो तो बहुधा दुहेरी, भरगच्च पाकळ्यांचा प्रकार. त्याचे पुंकेसर पाकळ्यांत रूपांतरित झालेले असल्यामुळे त्याला फळ क्वचितच धरते.

कूळ कळल्यावर त्याची जमिनीविषयीची आवडही कळली. अनंताला आम्लधर्मी माती लागते. मातीचा सामू, म्हणजे पीएच, 5 ते 6 च्या दरम्यान असेल तर तो सुखात असतो आणि साडेसहाच्या वर गेला की त्रास सुरू होतो. हे वाक्य मी पहिल्याच वर्षी वाचले होते, वहीत उतरवूनही घेतले होते. रोप लावताना पानांचे कुजलेले खत, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि जाडसर वाळू यांचे हलके, झिरपणारे मिश्रण केले होते, आणि त्यामुळे ती बाब संपली असे मानून मी निश्चिंत होते. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात शेंड्याकडची नवी पाने फिकट पिवळी येऊ लागली. शिरा हिरव्या आणि शिरांच्या मधली जागा पिवळी, जणू पानावर हिरव्या धाग्याची जाळी काढली आहे. दिसायला ते सुंदर होते आणि मला भीती वाटली.

भीती वाटली की हात खताकडे जातो. मी नत्रयुक्त खत दिले. तीन आठवड्यांनी पानांची टोके तपकिरी होऊन करपली, कारण अनंताची मुळे उथळ आणि तंतुमय असतात आणि साचलेले क्षार त्यांना सोसत नाहीत. पिवळेपणा मात्र होता तसाच राहिला. मग मी थांबले आणि पाने नीट पाहिली. कोणती पाने पिवळी आहेत, जुनी की नवी, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण झाडाच्या दुखण्याचा काळ त्यावरूनच ठरतो. नत्र आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात फिरती असतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, म्हणून पिवळेपणा खालच्या पानांवर दिसतो. लोह तसे फिरत नाही. एकदा ज्या पानात गेले तिथेच ते राहते, म्हणून लोहाची उणीव नेहमी नव्या पानावर उमटते. माझ्या झाडाची जुनी पाने गडद हिरवी, चकचकीत होती. म्हणजे ती पाने आली तेव्हा मुळांना लोह मिळत होते आणि नंतर केव्हातरी मिळेनासे झाले होते.

मातीतले लोह संपले नव्हते. ते मातीतच होते, पण मुळांना घेता येईल अशा रूपात नव्हते. सामू एका अंकाने वाढला की मातीतील फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते, ते न विरघळणाऱ्या संयुगांत अडकून बसते, आणि मुळे त्याच्या शेजारी असून उपाशी राहतात. सामू वाढवला कोणी, तर मी. मी दररोज घालत होते ते पाणी जड होते, म्हणजे त्यात कॅल्शियमची बायकार्बोनेटे होती. कुंडीच्या कडेला जमलेला पांढरा थर मी कित्येक महिने पाहत होते आणि ओल्या फडक्याने पुसून टाकत होते. प्रत्येक झारीतून मातीत आम्लता मारणारे थोडे थोडे काही जात होते. एका झारीने काही बिघडले नाही, दहा झाऱ्यांनीही नाही, पण सव्वा वर्षानंतर एका नव्या पानावर त्या सगळ्या झाऱ्यांची बेरीज दिसली. वहीत त्या सव्वा वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक पानावर 'पाणी दिले' एवढीच नोंद आहे. मी पहिल्यांदा ती पाने चाळली तेव्हा मला त्यांत काहीच सापडले नव्हते, आणि सापडायचे होते ते नेमके तेच होते.

उपाय करतानाही हा काळाचा हिशेब सोडून चालले नाही. हिराकसाचे, म्हणजे फेरस सल्फेटचे, अगदी सौम्य द्रावण संध्याकाळी पानांवर फवारले तेव्हा आठवडाभरात पानांवर हिरवे ठिपके उमटले. जिथे थेंब बसला होता तिथे हिरवे आणि बाकी पिवळे. तो ठिपक्यांचा हिरवेपणा पाहून मला फार आनंद झाला, आणि तो पुरेसा नाही हेही त्या ठिपक्यांनीच सांगितले, कारण पुढचे पान पुन्हा पिवळेच आले. लोह मातीतून द्यायचे तर ते चिलेटच्या, म्हणजे लोहाला धरून विरघळलेले ठेवणाऱ्या संयुगाच्या, रूपात द्यावे लागते, आणि त्यातही फरक आहे. ईडीटीए प्रकारचे चिलेट सामू साडेसहाच्या पुढे गेला की लोह धरून ठेवू शकत नाही, तर ईडीडीएचए प्रकारचे अल्कधर्मी मातीतही टिकते. मी आधी पहिले वापरले आणि फुकट घालवले. मातीचा सामू खाली आणण्यासाठी गंधकाची भुकटी वरच्या थरात मिसळली. गंधक स्वतः काही करत नाही. मातीतले जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्लात रूपांतर करतात, त्यासाठी त्यांना ऊब आणि ओल लागते आणि कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. व्हिनेगरचे पाणी घालण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्यातील आम्ल मातीतले सूक्ष्मजीव लवकरच संपवून टाकतात, म्हणून त्याचा परिणाम टिकत नाही, आणि अंदाज चुकला तर मुळांना इजा होते, त्यामुळे मी तो मार्ग कधी धरला नाही. सगळ्यांत चांगला उपाय सगळ्यांत साधा निघाला: पावसाचे पाणी साठवून तेच अनंताला देणे. त्यात क्षार नसतात आणि ते स्वभावतःच किंचित आम्ल असते.

सातव्या आठवड्यात एक कोवळे पान सगळे हिरवे आले. वहीत त्या दिवशी मी दुसरे काहीही लिहिलेले नाही.

पाण्याबद्दल इतके बोलले तर ते किती द्यावे हेही सांगायला हवे, जरी हे शब्दांत सांगणे कठीण असले तरी. अनंताला माती सतत किंचित ओलसर लागते. चिखल चालत नाही आणि पूर्ण कोरडेपणाही चालत नाही. वारावर किंवा घड्याळावर पाणी देऊ नये. बोटाचे पहिले पेर मातीत घालून पाहावे आणि वरचा थर कोरडा लागला तरच, तळातून निथळेल इतके भरपूर पाणी एकदम द्यावे. रोज थोडे थोडे पाणी दिले तर वरची माती ओली दिसते, खालची मुळे तहानलेली राहतात आणि क्षार धुऊन जायचे ते साचत जातात. खोडाभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन केले तर ओल टिकते, मुळे थंड राहतात आणि कुजताना तो पाला मातीला थोडे खाऊही घालतो. खुरपे मात्र लावू नये. मुळे इतकी वरवर असतात की माती मोकळी करण्याच्या भरात आपण त्यांनाच तोडतो, आणि त्याचा हिशेबही झाड पुढच्या महिन्यात मांडते.

छाटणीची चूक मी तिसऱ्या वर्षी केली आणि तिची किंमत कळायला तीन महिने लागले. झाड वेडेवाकडे वाढले होते, थंडी सरत आली होती, आणि नवी पालवी फुटण्याआधी आकार द्यावा या विचाराने मी सगळ्या फांद्यांचे शेंडे वीतभर उतरवले. उन्हाळा लागला, फुटवे भरभरून आले, झाड गोल, दाट आणि निरोगी झाले, आणि त्यावर कळी एकही नाही. अनंताच्या कळ्यांची सुरुवात थंडीत होते. रात्रीचे तापमान साधारण 15 ते 18 अंश सेल्सिअस असताना शेंड्याच्या आत कळी धरण्याची क्रिया उत्तम चालते, आणि त्या वेळी बाहेरून पाहणाऱ्याला तिथे दोन बंद पानांखेरीज काही दिसत नाही. मी कापलेल्या प्रत्येक शेंड्यात ते वर्ष बांधून ठेवलेले होते. तेव्हापासून छाटणी करायची ती बहर ओसरल्याबरोबर, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, आणि नंतर कात्री ठेवून द्यायची. कापताना पेराच्या थोडे वर कापावे. पाने समोरासमोर असल्यामुळे त्या पेरातून दोन फुटवे निघतात, आणि पुढच्या थंडीपर्यंत त्या दोघांचे शेंडे कळी धरण्याइतके तयार होतात.

किडींविषयी फार लिहीत नाही, कारण त्या वेळेवर दिसल्या तर त्यांचा बंदोबस्त अवघड नसतो. पिठ्या ढेकूण, खवलेकीड, मावा आणि पांढरी माशी ही नेहमीची मंडळी पानांच्या मागच्या बाजूला आणि कोवळ्या पेरांत बसतात. पानावर काळा थर दिसला तर तो पुसत बसू नये, वरचे पान उलटून पाहावे. ती काजळी बुरशी किडींनी टाकलेल्या गोड, चिकट स्रावावर वाढते आणि कीड गेली की हळूहळू तीही जाते. मुंग्यांची रांग खोडावर दिसू लागली की वर कीड आलीच म्हणून समजावे, कारण त्या गोड स्रावासाठी मुंग्या किडींची राखण करतात. साबणाचे सौम्य पाणी किंवा निंबोळी तेल, ऊन उतरल्यावर, पानांच्या पाठीवर, आठवड्याच्या अंतराने तीनदा. अंतर पाळावे लागते, कारण पहिल्या फवारणीच्या वेळी अंड्यात असलेली पिल्ले त्या फवारणीला सापडत नाहीत. मातीतल्या सूत्रकृमींचा उपद्रव अधिक गंभीर, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. मुळांवर गाठी येतात आणि झाड भरपूर पाणी असूनही मलूल होते. अशा जमिनींसाठी अनंताचे कलम गार्डेनिया थुनबर्गिया या आफ्रिकी भाऊबंदाच्या खुंटावर करण्याची पद्धत आहे, कारण तो खुंट त्या कृमींना दाद देत नाही.

आणि मग फूल. चौथ्या वर्षी माझ्या झाडावरचे पहिले फूल उमलले. कळी कित्येक आठवडे हिरवीच असते. मग एक दिवस निदलांच्या लांब बोटांमधून पांढऱ्याची एक तिरकी रेघ दिसते. पाकळ्या एकमेकींवर अशा गुंडाळलेल्या असतात की प्रत्येकीची एक कड बाहेर आणि एक कड शेजारणीच्या आत, आणि उमलणे म्हणजे हा पीळ उलट्या दिशेने सुटत जाणे. ऊन उतरल्यावर त्याला वेग येतो. मी त्या दिवशी कुंडीपाशी बसून राहिले होते. हालचाल दिसत नव्हती, पण नजर वळवून पुन्हा पाहिले की काहीतरी पुढे गेलेले असे. अंधार झाला तेव्हा सुगंध आला. हा सुगंध रात्री गडद होतो. पांढरा रंग आणि रात्रीचा वास ही पतंगांना बोलावण्याची जुनी रीत आहे, आणि दुहेरी फुलाकडे पतंगाला देण्यासारखे फारसे काही उरलेले नसले तरी त्याने बोलावणे सोडलेले नाही. त्या फुलाला हात लावावासा वाटतो, पण लावू नये. बोटांचा दाब पडला तिथे पाकळी काही वेळातच तपकिरी होते. दुसऱ्या दिवशी शुभ्र रंगात सायीची छटा येते, तिसऱ्या दिवशी ते पिवळसर होते, आणि त्यानंतर ते फांदीवरच वाळते. ज्या झाडाची कळी जरा दुखावली की सुटून पडते, त्याचे फूल मात्र वाळल्यावरही देठ सोडत नाही, ते आपल्यालाच खुडावे लागते. याचे मला अजून नवल वाटते.

सहाव्या वर्षापासून मी फाट्यांपासून रोपे करते. बहरानंतरच्या छाटणीतले निमजून फाटे त्यासाठी उत्तम, म्हणजे वाकवले तर वाकतात पण कोवळ्यासारखे मऊ नाहीत असे, 10 ते 12 सेंटिमीटर लांब. खालची पाने काढून, वरची दोन अर्धी करून, पेराच्या लगेच खाली तिरपा काप द्यायचा आणि ओलसर वाळू व काथ्याच्या भुशात लावून वरून पारदर्शक पिशवीचे छत करायचे. मुळे फुटायला 4 ते 8 आठवडे लागतात. पहिल्या खेपेस मी तिसऱ्या आठवड्यात फाटे उपसून पाहिले होते. तळाशी नुकत्याच आलेल्या पांढऱ्या टिंबांसारख्या गाठी त्या उपसण्याने मोडल्या आणि ते सगळे फाटे गेले. आता लावल्याची तारीख आणि उघडण्याची तारीख दोन्ही एकाच वेळी वहीत लिहिते, म्हणजे मधल्या दिवसांत हात शिवशिवला तर ती दुसरी तारीख वाचता येते. माळीकाकांसाठी पहिल्या यशस्वी खेपेतले एक रोप ठेवले होते. ते न्यायला आले तेव्हा त्यांनी रोपाकडे पाहण्याआधी वही मागितली, बराच वेळ चाळली, आणि मागची पाने चाळताना बोटाला थुंकी लावण्याची त्यांची सवय असल्यामुळे त्या पानांचे कोपरे अजून किंचित फुगलेले आहेत. मी ते मुद्दाम तसेच ठेवले आहेत.

यंदा झाड माझ्या खांद्याला लागते आहे. थंडी सरताना मोजल्या तेव्हा 41 कळ्या होत्या. परवा सकाळी पाच गळून पडलेल्या दिसल्या, हिरव्या, टणक, पीळ जागच्या जागी. मी त्या गोळा केल्या आणि वही उघडून मागे गेले. अकरा दिवसांपूर्वीची नोंद होती: वारा फार, दोन दिवस बाहेर होते, परत आले तेव्हा माती कडेने सुटलेली. त्याखाली दुसऱ्या दिवशीची: भरपूर पाणी दिले, निथळले. त्यानंतर सगळे नेहमीप्रमाणे. तेव्हा आणखी काही कळ्या पडतील, उद्या किंवा परवा, आणि मग थांबेल. मी बोट मातीत घालून पाहिले, ती ओलसर होती, म्हणून पाणी दिले नाही. कुंडी हलवली नाही. गळालेल्या पाच कळ्यांपुढे अकरा दिवसांपूर्वीची तारीख लिहिली.

काल आणखी दोन पडल्या. आज एकही नाही. खालच्या फांदीवरच्या कळीत सकाळपासून पांढरी रेघ आहे, आणि आता ऊन उतरू लागले आहे.